आइस्क्रीम सोड्याचा काउंटर टाकताय? मशीनच्या आधी एका ग्लासाचा हिशोब करा



"सर, मुलुंडमध्ये सोडा शॉप टाकायचंय, मशीन कुठली घेऊ?" उन्हाळा जवळ आला की हा प्रश्न ठरलेला. मशीन कुठली घ्यायची हे दहा मिनिटांत ठरतं हो. पण साठवलेले दोन-तीन लाख घालण्याआधी एक ग्लास आइस्क्रीम सोडा तुम्हाला कितीला पडतो, हे कुणी विचारत नाही. व्हिडिओत आपण ग्लास भरून दाखवला, इथे त्याचा हिशोब मांडतो. वही-पेन घेऊन बसा.

आधी एक घोळ मिटवू. आपल्या मुंबईत 'आइस्क्रीम सोडा' म्हटलं की जुन्या माणसाला बाटली आठवते. ड्यूक्स ही कंपनी दिनशॉजी पांडोल यांनी 1889 साली सुरू केली. रासबेरी, जिंजर, लेमनेड यांच्याबरोबर तिचा आइस्क्रीम सोडाही चालायचा. पुढे 1990 च्या दशकात ती पेप्सीकडे गेली. पालनजीज आणि पुण्याच्या अर्देशरचा आइस्क्रीम सोडाही लोकांना माहीत आहे. पण या बाटलीत आइस्क्रीम नसतंच! तो व्हॅनिलाच्या चवीचा गोड सोडा. आपण बोलतोय ते ग्लासातल्या प्रकाराबद्दल: तळाला सिरप, वर गार सोडा आणि त्यावर आइस्क्रीमचा गोळा. म्हणून बोर्डावर नुसतं 'आइस्क्रीम सोडा' लिहू नका, 'आइस्क्रीम घातलेला सोडा' लिहा आणि शेजारी फोटो लावा. नाहीतर काका वीस रुपयांची बाटली समजून येतील, तुम्ही ऐंशी रुपये सांगाल आणि काउंटरवर वाद होईल.

हा ग्लासातला प्रकार अमेरिकेतला. फिलाडेल्फियात 1874 साली फ्रँकलिन इन्स्टिट्यूटच्या प्रदर्शनात रॉबर्ट ग्रीन नावाच्या सोडा विक्रेत्याने तो विकला. शोध लावल्याचा दावा करणारे इतरही आहेत, पण ग्रीनची गोष्ट आपल्या कामाची आहे. त्याने स्वतः सांगितलं की शेजारच्या स्पर्धकाची मशीन त्याच्यापेक्षा मोठी आणि दिमाखदार होती. तेवढ्या मोठ्या मशीनची बरोबरी करण्यापेक्षा त्याने ग्लासात काय घालायचं ते बदललं.

आपल्याकडे हेच पुण्याच्या मस्तानीने केलं. मस्तानीत सोडा नसतो, घट्ट मिल्कशेक असतं आणि वर आइस्क्रीमचा गोळा. पण गिऱ्हाईक 'मिल्कशेक द्या' म्हणत नाही, 'मस्तानी द्या' म्हणतं. एका पदार्थाच्या नावावर दुकानं उभी राहिली. चाळीस फ्लेवरचा बोर्ड लावणाऱ्यांनी याचा विचार करावा. सुरुवातीला चार फ्लेवर पुरे, असं माझं स्पष्ट मत आहे.

ग्लास नीट का बनत नाही?

सोड्यातली मजा गॅसची, म्हणजे कार्बन डायऑक्साइडची. हा गॅस गार पाण्यात जास्त टिकतो. दाब सारखाच असला तर 20 अंशाच्या पाण्यात जितका गॅस मावतो, त्याच्या जवळजवळ दुप्पट शून्य अंशाला मावतो. मे महिन्यात टाकीतलं कोमट पाणी मशीनला दिलंत तर सिलिंडर लवकर संपेल आणि सोडा मात्र मवाळ लागेल. गिऱ्हाईक म्हणेल, "गॅस नाही यात." मशीनवर खर्च कमी करायचा असेल तर करा, चिलरवर करू नका. पाणी 2 ते 4 अंशांवर ठेवा.

दुसरी भानगड फेसाची. आइस्क्रीममध्ये हवेचे बारीक बुडबुडे आणि बर्फाचे कण असतात. त्या खडबडीत पृष्ठभागावर सोड्यातला गॅस भसाभस सुटतो. दुधातली प्रथिनं आणि आइस्क्रीममधले स्टॅबिलायझर तो फेस धरून ठेवतात. म्हणून भरलेल्या ग्लासात गोळा टाकला की सगळं टेबलावर येतं. क्रम असा ठेवा: 30 मिली सिरप, त्यात चमचाभर आइस्क्रीम घोटा, मग ग्लास तिरका धरून कडेने 150 मिली सोडा सोडा. वर दोन-तीन बोटं जागा राहू द्या आणि शेवटी गोळा काठाला टेकवून ठेवा. फेस वर यावा, पण सांडू नये. तो फेस बघूनच पुढचं गिऱ्हाईक थांबतं.

गोळा कुठल्या तापमानाचा? साठवण उणे 18 अंशांवर, पण तिथून थेट काढून सोड्यात टाकला तर गोळ्याभोवती बर्फाचं कडक कवच धरतं आणि चमचा आत जात नाही. रोजच्या वापराचा डबा उणे 12 ते 14 अंशांवर वेगळा ठेवा.

आता फ्लेवर. कोकम आणि लिंबू हे आपले लाडके सोडे, पण आइस्क्रीमबरोबर दोन्ही टाळा. आंबटपणाने दुधातली प्रथिनं फाटतात, ग्लासात पांढऱ्या गुठळ्या दिसतात आणि गिऱ्हाईकाला वाटतं आइस्क्रीम खराब आहे. कोलातही जास्त वेळ राहिलं तर हे होतं, फक्त गडद रंगात ते कमी दिसतं. गुलाब, खस, व्हॅनिला, वेलची हे बिनधास्त चालतात. आल्याचा सोडा छान लागतो, पण मुलुंड पश्चिमेला गुजराती आणि जैन वस्ती मोठी आहे, आणि जैन मंडळी ओलं आलं खात नाहीत. सुंठीचं सिरप करा. सुंठ बहुतेकांना चालते, तरी विचारून द्या. आइस्क्रीमच्या डब्यावर हिरवा ठिपका आहे ना, तेही बघून घ्या.

आता पैशाचं बोलू

खालचे आकडे उदाहरणाचे आहेत. तुमच्या घाऊक व्यापाऱ्याचे भाव घालून परत मांडा.

समजा आइस्क्रीम 200 रुपये लिटर. 60 मिलीचा स्कूप धरला तर कागदावर सोळा गोळे निघतात. प्रत्यक्षात काढताना आइस्क्रीम दाबलं जातं, हवा निघते, थोडं डब्याला चिकटून राहतं. बारा धरा. एक गोळा 17 रुपये. सिरप 700 मिलीला 180 रुपये, म्हणजे 30 मिलीचे 8. सोडा 2 रुपये. ग्लास, चमचा, टिश्यू यांचे 6. झाले 33. विकला 80 ला, हातात 47.

पाच बाय आठचा काउंटर भाड्याने मिळाला समजा, भाडं 30,000. मदतनीस 15,000. वीज 5,000. आणि तुमचा स्वतःचा पगार 25,000. हा शेवटचा आकडा बहुतेक जण लिहीतच नाहीत, आणि वर्षभराने घरचे विचारतात की कमावलंस काय? एकूण 75,000. भागिले 47, म्हणजे महिन्याला साधारण 1,600 ग्लास, रोजचे 53-54.

"जमेल सर!" थांबा, पाऊस विसरलात. जून ते सप्टेंबर विक्री निम्म्यावर आली असं धरलं, तर तीच वर्षाची बेरीज गाठायला कोरड्या आठ महिन्यांत रोज 64 ग्लास लागतात आणि पावसाळ्यात 32. आता हा आकडा घेऊन विचार करा.

आणि हाताची सवय बघा. मदतनीसाने 60 ऐवजी 80 मिलीचा गोळा दिला, तर लिटरमध्ये बाराऐवजी नऊच निघतात. गोळा 22 रुपयांना पडला. ग्लासामागे 5 रुपये, 1,600 ग्लासांवर महिन्याला 8,000! चोरी कुणीच केली नाही, तरी पैसे गेले. ठरलेल्या मापाचा खटक्याचा स्कूप घ्या आणि दिवसाच्या शेवटी डबा वजन करा. वजनावरून आठवलं: एफएसएसएआयच्या नियमानुसार आइस्क्रीमचं वजन लिटरला किमान 525 ग्रॅम हवं. स्वस्त डबा हातात हलका लागला तर तुम्ही हवा विकत घेताय.

त्याच नियमात साध्या 'आइस्क्रीम'मध्ये किमान 10 टक्के मिल्क फॅट लागतं. वनस्पती तेलापासून बनवलेलं ते 'फ्रोझन डेझर्ट'. ते विकायला बंदी नाही, स्वस्तही पडतं. पण ग्लासात फ्रोझन डेझर्ट आणि बोर्डावर 'आइस्क्रीम', हे करू नका. डबा काउंटरवरच असतो आणि आजकाल गिऱ्हाईक लेबल वाचतं.

बाकी कागदपत्रं: एफएसएसएआयची नोंदणी फॉसकॉस पोर्टलवर, महापालिकेच्या परवानग्यांसाठी मुलुंडचं टी विभाग कार्यालय. जीएसटीत एक अडचण आहे. आइस्क्रीम किंवा एरेटेड वॉटर 'बनवणाऱ्याला' कंपोझिशन योजना मिळत नाही. तुमचं काम उत्पादनात धरलं जाईल की सेवेत, हे सीएकडून लेखी घ्या. प्लॅस्टिकचे स्ट्रॉ, चमचे, ग्लास 1 जुलै 2022 पासून देशभर बंद आहेत. कागदी स्ट्रॉ आइस्क्रीम सोड्यात लगेच मऊ पडतो, मला तो अजिबात आवडत नाही. काचेचा ग्लास आणि लांब दांड्याचा स्टीलचा चमचा ठेवा. धुवायला पाणी लागेल, म्हणून जागा बघताना नळाचं आधी विचारा. सिलिंडर उभा, साखळीने बांधलेला आणि हवेशीर जागी. बंद खोलीत हा गॅस गळला तर जीवावर बेततं. गॅस फूड ग्रेडचाच घ्या.

जागा पक्की करण्याआधी

पाच रस्ता, स्टेशनबाहेरची गल्ली, पूर्वेला वझे कॉलेजचा परिसर, कालिदास नाट्यगृहाचा रस्ता, जे डोक्यात असेल तिथे तीन संध्याकाळी उभे राहा. एक शनिवार-रविवारपैकी, दोन कामाचे दिवस. सहा ते नऊ. येणारी-जाणारी सगळी माणसं मोजू नका. हातात काहीतरी खायचं-प्यायचं घेऊन थांबलेली माणसं मोजा. उसाचा रस, ताक, नारळपाणी किती जात आहे ते लिहा. रसाच्या ग्लासापुढे तुमचा 80 रुपयांचा ग्लास महाग आहे, म्हणजे तो तहानेसाठी विकला जाणार नाही. तो बसून गप्पा मारणाऱ्यांचा, पोरांना घेऊन निघालेल्या कुटुंबाचा पदार्थ आहे. त्यामुळे घाईने लोकल पकडणारी गर्दी कितीही दिसली तरी तुमची नाही. चार स्टुलं मांडता येतील अशी आतली जागा कदाचित जास्त चालेल, आणि भाडंही कमी.

मशीन विकत घेण्याआधी भाड्याने आणा. सोसायटीच्या एखाद्या कार्यक्रमात दोन दिवस स्टॉल लावा, सेक्रेटरींची परवानगी घेऊन. शंभर ग्लास विका, फुकट वाटू नका. परत आलेल्या ग्लासांत तळाला काय उरलंय ते बघा. सिरप उरलं असेल तर 30 चं 25 मिली करा, तिथेही रुपया-सव्वा रुपया वाचतो. आइस्क्रीम उरलं तर गोळा मोठा आहे. सोडा उरला तर पाणी गार नव्हतं.

तुमच्या भागातले भाव घालून ग्लासाचा आकडा कितीला आला, तो व्हिडिओखाली लिहा. पुढच्या भागात सिलिंडर बदलणं आणि रेग्युलेटर तपासणं दाखवतो.