लिहायला बसायचे कुठे? वऱ्हाडातील लेखनाच्या जागांचा एक शोध

नवे लेखक जे प्रश्न विचारतात त्यांतला एक मला सर्वांत खरा वाटतो. विषय कुठून आणावा, प्रकाशक कसा मिळवावा, हे पुढचे प्रश्न. पहिला प्रश्न, लिहायला बसायचे कुठे? अकोल्याच्या एका दालमिलमध्ये हिशेब लिहिण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. जे काही टिपण-लेखन केले ते मिल बंद झाल्यावर, त्याच हिशेबाच्या टेबलावर, डाळीची भुकटी फडक्याने पुसून. त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे आला तो अडचण म्हणून. संशोधनाचा नाद नंतर लागला.

मग मी उलट्या बाजूने शोधू लागलो. आपल्या वऱ्हाडात ज्यांनी लिहिले, त्यांनी ते कोणत्या परिस्थितीत लिहिले, आणि त्या परिस्थितीचा त्यांच्या लेखनाच्या घडणीशी काही संबंध दिसतो का? या शोधातून जे हाती लागले ते आधीच सांगून टाकतो. जागेवरून लेखकाची प्रतिभा ठरत नाही, पण त्याचा दम ठरतो. किती वेळ सलग बसता येते, यावर ओवी होणार, पत्र होणार, लेख होणार की कादंबरी, हे बरेचसे अवलंबून असते. आणि म्हणून कोणाला बसायला जागा मिळाली नाही, हा प्रश्न त्या एका माणसाच्या गैरसोयीपुरता राहत नाही. त्याच्याकडचे कोणते वाङ्मय आपल्याला मिळालेच नाही, इथपर्यंत तो जातो.

रिद्धपूर

सुरुवात अर्थातच रिद्धपूरपासून. अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यातले हे गाव. चक्रधरस्वामींच्या प्रयाणानंतर त्यांचे अनुयायी येथे गोविंदप्रभूंच्या सान्निध्यात, नागदेवाचार्यांभोवती जमले. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी चक्रधरांच्या आठवणी गोळा केल्या आणि 'लीळाचरित्र' सिद्ध केले. परंपरा सांगते की हे काम रिद्धपूरच्या वाजेश्वरीच्या स्थानी झाले.

मी त्या स्थानी पहिल्यांदा गेलो तेव्हा मनात वाचनालयासारखे काहीतरी चित्र होते. तिथे उभे राहिल्यावर लक्षात आले की आपण चुकीची गोष्ट शोधत आहोत. म्हाइंभटांना जे मिळाले ते छपराहून मोठे होते. ज्यांनी चक्रधरांना पाहिले-ऐकले होते अशी माणसे आसपास होती. ऐकलेली आठवण पडताळून द्यायला नागदेवाचार्य होते. आणि पोटाची व्यवस्था भिक्षेवर होती. महानुभावांचा भिक्षाधर्म आपण वैराग्याच्या अंगाने समजून घेतो. लेखनाच्या अंगाने पाहिले तर त्यात आणखी एक अर्थ दिसतो. चूल पेटवणे, धान्य साठवणे, शेत राखणे यातून दिवस मोकळा झाला. वऱ्हाडातले मराठीचे हे आद्य गद्य अशा मोकळ्या केलेल्या दिवसांवर उभे आहे.

ग्रंथाची घडणही पाहावी. एकांक, पूर्वार्ध, उत्तरार्ध असे भाग, आणि त्यांत सुट्या, बहुधा छोट्या, आपापल्या जागी पूर्ण अशा लीळा. अनेक तोंडांतून आलेली सामग्री अशाच रूपात मावते. पुढे परचक्राच्या धामधुमीत मूळ पोथी नष्ट झाली तेव्हा ती आठवणींवरून पुन्हा बांधता आली, तीही या सुटेपणामुळेच.

त्याच रिद्धपुरात, त्याच मंडळींत महदाइसा होत्या. त्यांची जिज्ञासा महानुभावांत प्रसिद्ध आहे. चक्रधरांना त्या प्रश्न विचारीत, आणि त्या प्रश्नांमुळेच कितीतरी लीळा आपल्यापर्यंत आल्या. आद्य मराठी कवयित्री म्हणून आपण त्यांचा गौरव करतो तो 'धवळ्यां'साठी. गोविंदप्रभूंनी लग्नाचा खेळ मांडला आणि त्या प्रसंगी महदाइसांनी रुक्मिणीस्वयंवराची ही गीते रचून गायली. म्हाइंभटांचे नाव गद्याच्या ग्रंथाशी जोडले गेले, महदाइसांचे उभ्या प्रसंगी गायच्या गीतांशी. एका उदाहरणावरून सिद्धान्त मांडू नये हे मला कळते. पण हीच विभागणी पुढे शतकानुशतके दिसत राहते.

जात्यापाशी

वऱ्हाडातल्या बाईची रचना करण्याची जागा जाते ही होती. पहाटेची वेळ, घरातले बाकीचे झोपलेले, समोर बसली तर सासू, जाऊ नाहीतर नणंद. हात खुंट्यावर अडकलेले. या जागेत ओवीच होऊ शकते. जात्याच्या फेऱ्यात बसेल एवढी ओळ, दुसरीला उचलून पुढे नेता येईल असा शेवट, आणि पाठ राहील असे यमक. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातल्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या नोंदवल्या गेल्या. एवढे प्रचंड वाङ्मय एका जागेने आणि एका वेळेने दिले.

गावात पिठाची गिरणी आली तेव्हा बाईचे कष्ट वाचले आणि ते वाचायलाच हवे होते. पण त्याबरोबर ती पहाटेची बैठकही गेली, आणि तिच्याऐवजी दुसरी कोणतीही बैठक कोणी तिला दिली नाही. ओवी का आटली याची कारणे शोधताना रेडिओ आणि सिनेमा यांना दोष देण्याआधी ही गोष्ट नोंदवावी असे मला वाटते.

वाडा आणि कचेरी

आता दुसऱ्या टोकाला जाऊ. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे (१८५४–१९३८) हे नामांकित वकील, टिळकांचे सहकारी, १८९७ च्या अमरावती काँग्रेसचे स्वागताध्यक्ष. राजकमल चौकाजवळ त्यांचा वाडा. जागेची ददात नाही. पण अशा वाड्यात एकांत किती? ढेलजेत पक्षकार, ओसरीवर पाहुणे, बंगईवर गावातली मंडळी. दादासाहेबांनी दीर्घकाळ नेमाने लिहिली ती रोजनिशी, तीही इंग्रजीत. डिसेंबर १९११ पासून ते काही महिने शिर्डीला राहिले, तेव्हाही नोंदी चालूच होत्या. पहाटेचे उठणे, प्रार्थना, कोण आले, काय बोलणे झाले. दिवसभर माणसांनी वेढलेल्या गृहस्थाला जो लेखनप्रकार झेपतो तो हाच. दिवस संपताना एक पान.

श्रीपाद कृष्ण कोल्हटकर (१८७१–१९३४) हेही वकील. अकोल्यात सुरुवात करून पुढे ते जळगाव-जामोदसारख्या तालुक्याच्या गावी स्थिरावले. पुण्या-मुंबईच्या वाङ्मयीन वर्तुळापासून दूर बसून त्यांनी नाटके लिहिली आणि मराठी विनोदी लेखाचा पाया घातला. त्यांच्या पहिल्या विनोदी लेखाचे नाव 'साक्षीदार'. नावातच कचेरी आहे. हे लेख आधी 'अठरा धान्यांचे कडबोळे' म्हणून एकत्र आले आणि पुढे त्यांची संख्या बत्तीस होऊन 'सुदाम्याचे पोहे' हे पुस्तक झाले. एक खटला, एक लेख, मग पुढचा खटला अशी कामाची लय असलेल्या माणसाचे पुस्तक असेच वाढत जाणार.

पत्रांचेही तसेच. मूर्तिजापूरला जन्मलेले कवी अनिल आणि अमरावतीला जन्मलेल्या कुसुमावती देशपांडे यांनी विवाहापूर्वी एकमेकांना लिहिलेली पत्रे 'कुसुमानिल' या नावाने १९७२ मध्ये प्रसिद्ध झाली. पत्राला वेगळी खोली लागत नाही. तास-दोन तास आणि वाट पाहणारा एक वाचक एवढे पुरते. कुसुमावती पुढे कथा आणि समीक्षा यांत मोठ्या झाल्या, १९६१ च्या ग्वाल्हेर साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष झाल्या. त्या पहिल्या स्त्री अध्यक्ष.

दोन ओळी आणि एक कादंबरी

सुरेश भट अमरावतीचे. जन्म १९३२ चा, लहानपणी पोलिओने पाय अधू झालेला, १९५५ मध्ये बी. ए., मग अमरावतीच्या आसपासच्या गावांत शिक्षकी. 'रूपगंधा' १९६१ मध्ये आला, 'रंग माझा वेगळा' १९७४ मध्ये. गझलेचा शेर दोन ओळींत स्वतंत्रपणे पुरा होतो. तो डोक्यात घेऊन माणूस गावोगाव फिरू शकतो आणि जिथे टेकायला मिळेल तिथे पुढचा शेर जोडू शकतो. भटांनी गझल निवडली ती याच कारणाने, असे मी म्हणत नाही. ती निवड उर्दूच्या ओढीची आणि वृत्तीची होती. पण स्थिर टेबल नसलेल्या माणसाशी या प्रकाराचे वैर नाही, एवढे नक्की.

माझ्या म्हणण्याला आडवे जाणारे उदाहरणही मांडले पाहिजे. उद्धव शेळके यांची 'धग' १९६० ची. वऱ्हाडातल्या गरीब शिंपी कुटुंबाची, कौतिकची कहाणी. सुखवस्तू दिवाणखान्यातून आलेली ही कादंबरी नव्हे. म्हणजे जागेवाचूनही लांब पल्ल्याचे लेखन होते. होते, पण त्याची किंमत मोजावी लागते. शेळक्यांनी पुढे लेखणीवरच पोट भरायचे ठरवले आणि त्यासाठी लोकप्रिय कादंबऱ्यांचा ढीग लिहिला. बसायची जागा त्यांनी कमावली. तिचे भाडे मात्र लेखणीलाच भरावे लागले.

सोय म्हणजे नेमके काय?

लेखक होऊ पाहणाऱ्या आमच्याकडच्या बहुतेकांच्या मनात एक चिखलदरा असतो. सातपुड्यातले थंड हवेचे ठिकाण, समोर दरी, धुके, हातात कॉफी. मीही एकदा चार दिवसांची रजा टाकून गेलो. चार दिवसांत एक पत्र लिहून झाले, तेही मिलच्या मालकाला, रजा वाढवून मागणारे. देखाव्यापुढे माणूस बघत बसतो.

सोय म्हणजे तीन गोष्टी, असे आता मला वाटते. रोज तीच बैठक. रोज तीच वेळ. आणि त्या वेळेपुरते आपले काम दुसऱ्या कोणीतरी उचललेले. व्हर्जिनिया वुल्फ यांनी १९२९ मध्ये लिहिणाऱ्या बाईसाठी स्वतःची खोली आणि वर्षाला पाचशे पौंड मागितले, त्यात पैशाचा अर्थ हाच होता. अमेरिकेत न्यू हॅम्पशरमध्ये १९०७ पासून मॅकडॉवेल नावाचे कलावंतांचे निवासस्थान चालते. तिथे दुपारचे जेवण टोपलीत घालून कुटीच्या दाराशी ठेवून जातात, म्हणजे कामात खंड पडत नाही. हे वाचले तेव्हा मला रिद्धपूरची भिक्षेची झोळी आठवली.

वऱ्हाडात यात ऊन धरले पाहिजे. मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो. पंखा बंद ठेवला तर घाम कागदावर टपकतो. कूलर लावला तर कागद उडतात, जे उडत नाहीत ते दमट होऊन शाई फुटते, आणि मोटारीच्या घरघरीत स्वतःचे वाक्य ऐकू येत नाही. म्हणून आमच्याकडे उन्हाळ्यात लिहिणाऱ्याची वेळ पहाटे चार ते सात. आणि नेमकी हीच वेळ घरातल्या बाईची पाणी भरण्याची, डबा करण्याची.

माझ्या परिचयातल्या अमरावतीच्या एका बाईंनी शिलाई मशीन मिटवून त्याच्या फळीवर कथा लिहिल्या, दुपारी शिवणाचे काम नसेल तेव्हा. काम वाढले, कथा थांबल्या. आता त्या चारोळ्या लिहितात. 'कथा डोक्यात येते, पण तिले बसाले जागा नाही,' असे त्या म्हणाल्या. माझ्या सगळ्या टिपणवह्यांत या विषयावरचे याहून नेमके वाक्य नाही.

पूर्वी गावचे वाचनालय ही अशा माणसांची जागा होती. आता मी दोन्ही शहरांतल्या वाचनालयांत आणि अभ्यासिकांत जातो तेव्हा बहुतेक खुर्च्यांवर स्पर्धा परीक्षांची मुले दिसतात. त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. त्यांच्याही घरी जागा नाही म्हणूनच ती तिथे आहेत. पण फी भरून, परीक्षेच्या नावाने खुर्ची मिळते आणि कथेच्या नावाने मिळत नाही, हे बरोबर नाही.

मागणी फार मोठी नाही. प्रत्येक वाचनालयाने एक टेबल आणि दोन खुर्च्या लिहिणाऱ्यांसाठी राखाव्यात, त्यातली एक बाईसाठी, दुपारी दोन ते पाच. शासनाने रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ सुरू केले आहे. त्याच्या आवारात चार खोल्या अशा असाव्यात की जिथे पदवी न विचारता महिनाभर राहता येईल आणि दोन वेळचे जेवण दाराशी येईल. त्या गावाला ही रीत नवी नाही.

तोवर घरात जो कोपरा असेल तो धरावा, रोज त्याच वेळी धरावा. आणि घरात लिहिणारे दुसरे कोणी असेल तर त्या वेळी चहा आपण ठेवावा. हा लेख मी घरी, स्वयंपाकघराला लागून असलेल्या पडवीत पहाटे लिहिला. त्या पहाटे पाणी कोणी भरले, हे वाचकांनी ओळखले असेलच. आता माझी पाळी आहे.