एका संगणकाच्या पोटात दुसरा संगणक : गावच्या दप्तराला आधार

शेतकरी बंधूंनो, आज खत-बियाण्याचा विषय नाही. तरी शेवटपर्यंत वाचा. तुमच्या घरपट्टीच्या उताऱ्याशी याचा संबंध आहे. ग्रामपंचायत अधिकारी आणि संगणकचालक यांनी तर वही-पेन घेऊनच बसावे.

वेरूळच्या पंचक्रोशीतील एका गावची गोष्ट. नाव लिहीत नाही. तिथे घरपट्टी-पाणीपट्टीच्या जुन्या नोंदींचा एक प्रोग्रॅम होता आणि तो फक्त विंडोज एक्सपीवर चाले. एक्सपीला कंपनीने ८ एप्रिल २०१४ नंतर सुधारणा देणे बंद केले. प्रोग्रॅम करून देणारा माणूस कधीच गाव सोडून गेलेला. म्हणून जुना डबा तसाच रेटला. एका पावसाळ्यात वीज सारखी ये-जा करीत होती, त्यात डब्याने मान टाकली. हार्डडिस्क शाबूत होती, पण नव्या संगणकात लावली तर सुरूच होईना. इकडे घरकुलासाठी नमुना आठ मागणारे लोक दारात उभे!

दुरुस्ती करणाऱ्या एका पोराने मार्ग काढला. त्याने हार्डडिस्कची हुबेहूब नक्कल एका फाइलमध्ये घेतली, नव्या संगणकात लिनक्स टाकले आणि त्याच्या पोटात एक आभासी संगणक, म्हणजे व्हर्च्युअल मशीन उभे केले. पहिल्यांदा नुसता निळा पडदा आला. जुन्या एक्सपीला नवी डिस्कजोडणी ओळखता येत नव्हती. डिस्क जुन्या ‘आयडीई’ पद्धतीने जोडली, आणि प्रोग्रॅम उघडला. मी शेजारी बसून सगळे वहीत उतरवून घेतले.

आभासी संगणक म्हणजे काय, हे विहिरीवरून समजून घ्या. एका विहिरीवर चार भाऊबंदांच्या पाळ्या असतात. ज्याची पाळी, त्याचे पाणी, आणि एकाच्या वाफ्यातले दुसऱ्याच्या वाफ्यात जात नाही. तसा खऱ्या संगणकाचा प्रोसेसर पाळीपाळीने वाटला जातो, स्मृतीचा हिस्सा ज्याला त्याला तोडून दिला जातो, आणि प्रत्येकाला वाटते आपण स्वतंत्र आहोत. एक आजारी पडला तरी बाकीचे बहुधा चालूच राहतात. कल्पना जुनीच आहे. आयबीएमने १९७२ मध्ये व्हीएम/३७० ही प्रणाली आणली तेव्हा असे संगणक खोलीएवढे होते. लिनक्समध्ये ‘केव्हीएम’ ही सोय २००७ पासून आली आणि ती फुकट मिळते. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची दिल्ली, पुणे, हैदराबाद, भुवनेश्वर येथे मोठी डेटा केंद्रे आहेत. २०१४ मध्ये सुरू झालेल्या ‘मेघराज’ योजनेतून सरकारी खात्यांना असेच आभासी सर्व्हर दिले जातात. सर्व्हर डाऊन म्हणून आपण बोटे मोडतो, त्यामागे पुष्कळदा पाण्यापेक्षा पाळ्या जास्त असा प्रकार असतो.

आता प्रत्यक्ष काम. संगणकाच्या बायोसमध्ये आभासीकरणाची सोय चालू आहे ना, ते आधी पाहावे. पुष्कळ ठिकाणी ती बंदच ठेवलेली असते आणि माणूस दिवसभर डोके फोडत बसतो. बटणांच्या खिडकीतूनही हे काम होते, पण मी म्हणेन आज्ञा टंकूनच करा. वहीतली ओळ कोणालाही जशीच्या तशी पुन्हा लिहिता येते, आणि रेंज कमी असली तरी तालुक्याच्या गावाहून तंत्रज्ञ ती चालवू शकतो. आज्ञा इंग्रजीत टंकाव्यात, इथे उच्चार देतो.

नवे यंत्र ‘व्हर्ट-इन्स्टॉल’ने उभे राहते. पुढे नाव, स्मृती, प्रोसेसर, डिस्क आणि आतली प्रणाली कोणती ते सांगायचे. स्मृती मेगाबाइटमध्ये लिहितात, दोन जीबी हवी तर २०४८. जुन्या डिस्कची नक्कल वापरायची असेल तर ‘इम्पोर्ट’ हा पर्याय द्यावा. एक्सपीसाठी ‘नेटवर्क नन’ लिहायला विसरू नका, ते यंत्र इंटरनेटला जोडणे म्हणजे कुंपण काढून ऊस उभा करणे. आठ जीबीच्या संगणकात चार-चारची दोन यंत्रे एकदम चालवू नयेत, मूळ संगणकालाही काही लागतेच की!

रोजच्या कामाला ‘व्हर्श’ ही आज्ञा. ‘व्हर्श लिस्ट ऑल’ने सगळी यंत्रे दिसतात, ‘स्टार्ट’ने चालू, ‘शटडाऊन’ने रीतसर बंद. ‘ऑटोस्टार्ट’ लावले की वीज आल्यावर संगणक सुरू होताच आतले यंत्रही आपोआप सुरू होते. ‘डिस्ट्रॉय’ शब्दाला लोक घाबरतात. त्याने यंत्र नष्ट होत नाही, फक्त प्लग उपटल्यासारखे बंद पडते. नोंदी अर्धवट लिहिल्या गेल्या असतील तर तेवढे बिघडू शकते, म्हणून अगदीच अडले तरच वापरावे. खरा धोका ‘अनडिफाइन’मध्ये आहे. त्याने यंत्राची नोंद जाते पण डिस्कची फाइल राहते. मात्र त्याच्यापुढे ‘रिमूव्ह ऑल स्टोरेज’ जोडले तर फाइलही गेली. ती ओळ तर मी वहीत लाल शाईने लिहिली आहे.

मोठा बदल करण्याआधी ‘स्नॅपशॉट’ घ्यावा, चुकले तर मागे येता येते. पण स्नॅपशॉट म्हणजे राखीव नक्कल नव्हे. तो त्याच डिस्कवर असतो; डिस्क गेली की तोही गेला. खरी नक्कल काढायची तर यंत्र रीतसर बंद करून डिस्कची फाइल बाहेरच्या हार्डडिस्कवर उतरवावी. यंत्राची जोडणी सांगणारा मजकूर ‘डम्पएक्सएमएल’ने निघतो, तोही सोबत ठेवावा. आणि महत्त्वाचे म्हणजे ती नक्कल दुसऱ्या संगणकावर एकदा चालवून पाहावी. न उगवणारे बियाणे पोत्यात कितीही असले तरी काय कामाचे?

त्या गावात आता दर महिन्याला वसुलीचा ताळा झाला की नक्कल निघते. एक हार्डडिस्क ग्रामपंचायतीच्या कपाटात असते, दुसरी पंचायत समितीत.