जुन्या ट्रकला जुना टर्बो : चढणीवरचा मोह आणि इंजिनाची मर्यादा

काशिमिऱ्याहून वरसावे नाक्यावर येऊन घोडबंदर मार्गाने ठाण्याकडे वळले की गायमुखची चढण लागते. मीरा-भाईंदर परिसरात एकाच जुन्या ट्रकवर संसार चालविणाऱ्या मालकांना ही चढण चांगलीच परिचयाची आहे. भरलेली गाडी येथे खालच्या गिअरवर येते, काळा धूर ओकू लागते आणि मागे वाहनांची रांग लागते. मग गॅरेजमधला मिस्त्री हमखास उपाय सांगतो : भंगार बाजारातून वापरलेला टर्बो आणून बसवू, गाडी ‘पिकअप’ घेईल. नव्या इंजिनाच्या तुलनेत हा सौदा स्वस्त भासतो. मात्र तो करण्यापूर्वी टर्बो नेमके काय करतो, हे मालकाने समजून घेतलेले बरे.

डिझेल इंजिनाची ताकद शेवटी हवेवर ठरते. जितकी हवा आत शिरेल तितकेच डिझेल पूर्ण जळते, उरलेले काजळी होऊन सायलेन्सरवाटे बाहेर पडते. साधे इंजिन पिस्टनच्या ओढीने मिळेल तेवढीच हवा घेते. टर्बोमध्ये एकाच दांड्यावर दोन चक्रे असतात. बाहेर पडणारा तप्त वायू एक चक्र फिरवितो, दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबते. एरवी वाया जाणाऱ्या उष्णतेतून काम काढून घेण्याची ही कल्पना स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ मध्ये पेटंटद्वारे नोंदविली होती. भारतीय ट्रकांत तिचा सार्वत्रिक प्रसार व्हायला पुढचे शतक उजाडावे लागले. २००० नंतर प्रदूषणाचे निकष टप्प्याटप्प्याने कडक झाले आणि टर्बोविना इंजिने मागे पडली.

त्यापूर्वीच्या गाड्यांत टाटाचे ६९७ हे इंजिन विशेष प्रसिद्ध. सहा सिलिंडर आणि ९७ मिलिमीटर व्यासाचे पिस्टन, म्हणून ६९७. पुढे याच कुळात टर्बोची इंजिनेही निघाली. त्यामुळे ‘त्याचा टर्बो याला बसतो’ असे सर्रास सांगितले जाते. मॅनिफोल्डवर तो बसतोही. परंतु कारखान्यातून टर्बोसह निघणारे इंजिन मुळातच वाढीव दाब आणि उष्णता धरून घडविलेले असते. पिस्टन, हेड गॅस्केट, तेलाचा पुरवठा, रेडिएटर आणि डिझेल पंप या सर्वांचा विचार त्यात एकत्र केलेला असतो.

खरी मेख डिझेल पंपात आहे. पंपाला हात न लावता केवळ टर्बो जोडला, तर डिझेल तेवढेच राहते आणि हवा वाढते. धूर कमी होतो, इंजिन तुलनेने थंड चालते. ताकद मात्र थोडीच वाढते. हवा विरळ असते तेथे हा उपाय मोलाचा ठरतो. लडाखमध्ये ५,००० मीटर उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे साठ टक्केच असते. भाईंदरच्या खाडीकाठी हवा दाटच आहे. म्हणून खर्च करूनही फरक न जाणवलेला मालक पुन्हा गॅरेजमध्ये येतो आणि पंपाचा स्क्रू फिरविला जातो. त्या क्षणी गाडी पळू लागते, आणि तेथूनच इंजिनाच्या आयुष्याला घरघर लागते. बाहेर पडणाऱ्या वायूचे तापमान ७०० अंश सेल्सिअसपलीकडे दीर्घकाळ राहिले, तर ॲल्युमिनियमच्या पिस्टनचा माथा वितळू शकतो. चालकासमोर हे तापमान दाखविणारा काटा नसतो. पाण्याचा काटा वर चढेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो.

वापरलेला टर्बो घेताना दांडा बोटांनी हलवून पाहावा. आडवा किंचित ढिलेपणा चालतो, कारण तो तेलाच्या थरावर तरंगत फिरतो. पुढे-मागे होणारी हालचाल मात्र जवळजवळ नसावी. पात्यांच्या कडा तुटलेल्या, घराच्या भिंतीवर घासल्याच्या खुणा किंवा हवेच्या तोंडाशी ओले तेल दिसले, तर भाव कितीही पडेल असो, तो टर्बो सोडून द्यावा. मिनिटाला लाखाच्या घरात फेरे घेणाऱ्या दांड्याला किरकोळ दोष असे काही नसते. फुटके सील तर अधिक घातक. त्यातून गळणारे तेलच इंजिन इंधन म्हणून जाळू लागते. किल्ली फिरवून किंवा डिझेल तोडूनही ते थांबत नाही, हवेचा मार्ग कोंडावा लागतो.

जोडणीत सर्वाधिक निष्काळजीपणा तेलाच्या नळ्यांबाबत होतो. येणारी नळी स्वच्छ, दाबाच्या तेलाची हवी. परतीची नळी रुंद आणि सतत उताराची असून चेंबरमधील तेलाच्या पातळीच्या वर उघडली पाहिजे. ती दुमडली, तर तेल टर्बोतच साचून सीलमधून बाहेर पडते आणि दोष बिचाऱ्या टर्बोवर येतो. पहिल्यांदा इंजिन सुरू करण्यापूर्वी टर्बोत हाताने तेल भरणे आवश्यक आहे.

कायद्याची बाजू थोडक्यात. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल मालकाला करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा अनधिकृत बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. आठ वर्षांवरील मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेससाठी जावे लागते, तेव्हा हा बदल झाकून राहणे कठीण. अपघातानंतर विमा कंपनीही तो पुढे करू शकते.

मुळात गाडी चढत का नाही, याचा शोध फारसा कोणी घेत नाही. तुंबलेला एअर फिल्टर, झिजलेले नोझल, बिघडलेले पंपाचे कॅलिब्रेशन, चुकलेले टॅपेट, घसरणारी क्लच प्लेट आणि क्षमतेहून अधिक भरलेला माल, यांपैकी एकेका कारणानेही गायमुखला गाडी दम टाकते. सिलिंडरांचे कॉम्प्रेशन मोजून घेणे ही पहिली पायरी. ते खालावले असेल, तर टर्बोचा दाब रिंगांवाटे चेंबरमध्ये झिरपेल. कॉम्प्रेशन ठीक निघाले, तर नोझल आणि पंप तपासणाऱ्या कारागिराकडे गाडी न्यावी. या दुरुस्तीनंतर बऱ्याच ट्रकांचा काळा धूर ओसरतो आणि टर्बोचा विषयही निघत नाही.