ठग

मुळात ‘लबाड’, ‘वंचक’ या अर्थाचा शब्द. प्रवाशांना गळफास देऊन लुटणाऱ्या टोळ्यांचे नाव म्हणून तो एकोणिसाव्या शतकात विशेष रूढ झाला. त्याचा संबंध सामान्यतः संस्कृत ‘स्थग्’ (झाकणे, लपविणे) या धातूशी जोडतात. हिंदीत ‘ठग’, तर मराठीत ‘ठक’ असे रूप आढळते. ठकविणे, ठकबाजी, ठकसेन या शब्दांत किंवा ‘ठकास महाठक’ या म्हणीत फसवणूक अभिप्रेत आहे. हत्येचा त्यात मागमूसही नाही.

झियाउद्दीन बरनी याने १३५७ च्या सुमारास पूर्ण केलेल्या इतिहासग्रंथात जलालुद्दीन खल्जीच्या कारकीर्दीतील (१२९०–९६) एक प्रसंग दिला आहे. दिल्लीत सुमारे एक हजार ठग पकडले गेले. सुलतानाने त्यांना ठार न करता नावांतून लखनौतीकडे (बंगाल) पाठवून दिले. या उल्लेखावरून ठगांची परंपरा सहाशे वर्षांची ठरविली जाते. परंतु बरनी गळफासाविषयी काही सांगत नाही. नाव तेच म्हणून माणसेही त्याच पंथाची, हा तर्क टिकणारा नाही. दक्षिणेत तर गळफास देणाऱ्यांना ‘फासीगर’ असेच म्हणत.

आजचा अर्थ मुख्यतः इंग्रज अधिकारी विल्यम स्लीमन याच्या मोहिमेतून घडला. माफीच्या साक्षीदारांकडून मिळालेल्या माहितीवरून त्याने ठगांच्या ‘रामसी’ या सांकेतिक बोलीचा कोश १८३६ मध्ये प्रसिद्ध केला. ही माहिती बंदिवानांनी जीव वाचविण्यासाठी दिलेली होती, हे विसरता येत नाही. मार्गावरील खून व लूट खरी होती. तथापि तिच्यामागे देशव्यापी धार्मिक पंथ होता काय, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत.

शब्दाच्या या संदिग्धतेची किंमत आरोपींना मोजावी लागली. १८३६ च्या ३० व्या अधिनियमानुसार ठगांच्या टोळीत असल्याचे सिद्ध होताच सक्तमजुरीसह जन्मठेप होई. विशिष्ट गुन्हा शाबीत होण्याची गरज नव्हती, कायद्यापूर्वीचे टोळीतील वास्तव्यही पुरेसे होते आणि ‘ठग’ कोणास म्हणावे हे अधिनियमात सांगितलेलेच नव्हते. ही व्याख्या १८६० च्या भारतीय दंड संहितेत (कलम ३१०) आली : खुनासह जबरी चोरी किंवा मूलचोरी करण्यासाठी इतरांशी नेहमी संबंध ठेवणारा तो ठग. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत हे कलम नाही. इंग्रजीत मात्र हा शब्द केवळ ‘गुंड’ या अर्थाने रुळला आहे.