स्टार्ट मेनू : संगणकाचा उंबरठा

संगणक प्रथमच हाताळणाऱ्या विद्यार्थ्याला आम्ही आधी स्टार्ट मेनू शिकवतो. १९९५ साली ‘विंडोज ९५’बरोबर तो आला आणि सारे प्रोग्राम एका बटणामागे एकत्र आले. कीबोर्डवरील खिडकीच्या चिन्हाची कळ दाबताच मेनू उघडतो. प्रोग्रामच्या नावाची पहिली अक्षरे टंकली की तो समोर येतो. नेहमी लागणाऱ्या प्रोग्रामवर माउसचे उजवे बटण दाबून ‘पिन टू स्टार्ट’ निवडावे. नको असल्यास ‘अनपिन’ करावे. त्याने प्रोग्राम पुसला जात नाही, केवळ दर्शनी जागेवरून हटतो. म्हणून मुलांनी निर्भयपणे प्रयोग करावेत. प्रत्येकाचे खाते स्वतंत्र असल्यास एकाच संगणकावर ज्याची त्याची मांडणी कायम राहते. ज्या घरी संगणक नाही, तेथील मुलालाही यंत्रावर स्वतःची जागा लाभते, हे आम्हांस मोलाचे वाटते.