बघे आणि शौकीन



आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून आपल्यापैकी काहींच्या कपाळाला आठी पडली असेल, तर तो दोष आपला नव्हे. लातूर-नांदेडकडच्या माणसाने उन्हाळ्याच्या संध्याकाळी घाम पुसत सभामंडपात येऊन बसावे आणि ऐकावे काय, तर अमेरिकन फुटबॉलच्या परदेशी प्रेक्षकांची हकीकत! परंतु मी खेळाविषयी थोडे आणि खेळ पाहणाऱ्या माणसाविषयी अधिक बोलणार आहे; आणि हा पाहणारा माणूस आपल्या चांगला ओळखीचा आहे.

लोहा तालुक्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा आपण पाहिलेली आहे. मार्गशीर्षात ती भरते. घोडे, उंट, गाढवे यांचा बाजार, तमाशाचे तंबू आणि कुस्त्यांचा फड, अशी तिची शोभा. ह्या फडाभोवती जी गर्दी जमते तिच्यात दोन जातींची माणसे असतात. एक जण देवदर्शन उरकून, बाजारात चक्कर मारून, हलगीचा आवाज ऐकून थांबलेला असतो. कोण कोणाला पाडतो एवढे पाहायचे आणि पुढे जायचे, हा त्याचा बेत. दुसरा मात्र सकाळपासून जागा धरून बसलेला असतो. कोणता मल्ल कोणत्या वस्तादाच्या तालमीतला, मागल्या साली तो कोणत्या डावावर पडला, हे त्याला तोंडपाठ असते. पहिल्याला आपण ‘बघ्या’ म्हणतो, दुसऱ्याला ‘शौकीन’. आपल्या बोलीने केलेला हा भेद इतका नेमका आहे, की साता समुद्रापलीकडच्या एका खेळाचे कोडे उलगडायला तो पुरेसा पडावा.

आता तो खेळ. त्याचे नाव फुटबॉल, पण पायाचा उपयोग बेताचाच. चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. मैदान शंभर यार्डांचे आणि प्रत्येक बाजूला अकरा गडी. डोक्याला शिरस्त्राण आणि खांद्यांवर गाद्या, असा त्यांचा वेष. चेंडू ज्याच्याकडे असेल त्या संघाला दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी चार संधी मिळतात. चारांत दहा यार्ड साधले, की पुन्हा चार नव्या संधी. न साधले, तर चेंडू प्रतिपक्षाकडे. असे सरकत सरकत शेवटच्या रेषेपलीकडे चेंडू नेला, की सहा गुण. सारा खेळ असा जमिनीचा आहे. आपल्याकडे बांधावरून भांडणे होतात. तिथे वीतभर जमिनीसाठी दोन्हीकडचे गडी एकमेकांवर कोसळतात आणि मग पंच साखळी आणून ती जमीन मोजतात. मोजणीची ही रीत आपल्या शेतकऱ्याला समजावून सांगावी लागू नये.

हा खेळ नवख्याला कंटाळवाणा वाटतो. त्याचे कारण त्याच्या रचनेतच आहे. घड्याळावर सामना साठ मिनिटांचा, पण प्रत्यक्षात तो तीन तासांहून अधिक चालतो. अमेरिकेतील एका वृत्तपत्राने २०१० साली मोजणी केली, तेव्हा चेंडू प्रत्यक्ष खेळात असण्याचा काळ एका सामन्यात जेमतेम अकरा मिनिटे भरला! उरलेला वेळ काय होते? गडी उठतात, गोल करून उभे राहतात, कुजबुजतात, पुन्हा रांगा धरतात. बघ्या म्हणतो, “हे लोक खेळतात कधी?” शौकीन म्हणतो, “अरे, हाच तर खेळ आहे!” आता तिसरी संधी आहे, आठ यार्ड बाकी आहेत, म्हणजे चेंडू लांब फेकणार, तो अडवायला प्रतिपक्षाने मागे किती माणसे ठेवली आहेत, हे तो त्या मधल्या अवकाशात वाचत असतो. चेंडू सुटतो तेव्हा त्याच्या मनात अर्धा डाव होऊन गेलेला असतो.

आपल्या फडातही हेच नाही का? दोन तोलामोलाचे मल्ल भिडले, की कधीकधी खडाखडीच चालते. हात मानेवर, कपाळाला कपाळ, पाय मातीत रुतलेले. बघ्या जांभई देतो आणि ओरडतो, “कुस्ती करा, नाहीतर सोडवा!” शौकीन मात्र श्वास रोखून असतो, कारण एकाचा हात मनगटावरून कोपराकडे सरकला आहे हे त्याने पाहिलेले असते. ढाक लागणार की एकलंगी, ह्याचा निकाल त्या सरकण्यात आहे. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ साली महाराष्ट्र केसरी झाले, पुढे रुस्तुम-ए-हिंद म्हणून गाजले. त्यांच्या कुस्तीला जमणाऱ्या हजारोंनी निकाल पाहिला असेल, पण कुस्ती पाहणारे त्यांत किती, हा प्रश्न उरतोच. तेव्हा बघ्या आणि शौकीन यांच्यातले अंतर निव्वळ प्रेमाचे नाही. वरवर काही घडत नसताना त्यात काय घडते आहे, हे कळण्याचे ते अंतर आहे.

हा खेळ जेव्हा आपला देश सोडून बाहेर पडतो, तेव्हा हे अंतर फार वाढते. त्याच्या अंतिम सामन्याला ‘सुपर बोल’ म्हणतात. पहिला १९६७ च्या जानेवारीत झाला. आता तो फेब्रुवारीतल्या रविवारी संध्याकाळी असतो, म्हणजे आपल्याकडे सोमवारी पहाटे पाचच्या सुमारास. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतून त्या संध्याकाळी दहा-वीस माणसे एखाद्या घरी जमतात. वडे तळले जातात, मुले जमिनीवर पसरतात, मध्यंतरातल्या गाण्याची आणि जाहिरातींची चर्चा होते. आई-वडील बहुधा बघे असतात. पण तिथेच जन्मलेला आणि शाळेत हा खेळ खेळलेला मुलगा वडिलांना सांगू लागतो, “बाबा, आता बघा, हा फेकण्याचा नुसता आव आणेल.” आणि बाबा पहिल्यांदा नीट बघतात. ह्या क्षणाकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो. शौकीन जन्माला येतो तो असा. कोणीतरी शेजारी बसून सांगितल्याने.

हे विधान नुसते भावनेचे नाही, त्याला इतिहासाचा आधार आहे. ब्रिटनमध्ये १९८२ पासून हा खेळ दूरदर्शनच्या पडद्यावर नियमित दिसू लागला. तरुणांत त्याची मोठी हवा झाली. १९९१ साली अमेरिकन चालकांनी युरोपसह एक वेगळी लीग काढली. लंडनच्या संघाने तिचे पहिले विजेतेपद वेम्बलीच्या मैदानावर साठ हजारांहून अधिक लोकांसमोर जिंकले. एवढा थाट! पण १९९८ नंतर तो संघ उरला नाही. हवा आली तशी गेली, आणि तिच्याबरोबर बघेही गेले.

जर्मनीत मात्र निराळे घडले. महायुद्धानंतर तेथे अमेरिकन सैनिकांच्या छावण्या होत्या. सैनिकांचे पाहून स्थानिक पोरांनी हा खेळ उचलला. १९७७ साली फ्रँकफुर्टला पहिला क्लब निघाला आणि १९७९ मध्ये जर्मन क्लबांच्या आपसांतील स्पर्धाही सुरू झाल्या. म्हणजे गावातला मुलगा शनिवारी गावच्याच मैदानावर खेळतो आहे, आणि त्याचा बाप, काका, शेजारी कडेला उभे आहेत. युरोपातील ती अमेरिकन लीग २००७ साली बंद पडली, तेव्हा तिच्या सहा संघांपैकी पाच जर्मनीत होते. पुढे १३ नोव्हेंबर २०२२ रोजी म्युनिकला अमेरिकेतील दोन संघांचा सामना झाला, तेव्हा जवळजवळ सत्तर हजार लोक होते. सामना संपत आला असता सारे मैदान एक जुने अमेरिकन गाणे एकमुखाने गाऊ लागले. मेक्सिकोचीही हीच कथा. तेथील विद्यापीठांतून हा खेळ कित्येक दशके खेळला जातो. २००५ साली अमेरिकेच्या मुख्य स्पर्धेतला सामना देशाबाहेर प्रथमच झाला तो मेक्सिको शहरात, आणि त्याला एक लाखाहून अधिक प्रेक्षक लोटले.

लंडनही पुढे सावरले, हे सांगितले पाहिजे. २००७ च्या ऑक्टोबरपासून तेथे अमेरिकन संघांचे सामने होऊ लागले. तिथली एक गंमत सांगण्याजोगी आहे. मैदानात संघ दोनच, पण प्रेक्षकांच्या अंगांवर सदरे मात्र साऱ्या बत्तीस संघांचे! ज्याचा संघ त्या दिवशी हजारो मैलांवर खेळतो आहे, तोही त्याचा सदरा घालून हजर. माळेगावला एखादा भाविक तुळजापूरची कवड्यांची माळ घालून यावा, आणि कोणाला त्यात वावगे वाटू नये, तसे हे दृश्य.

आता आपल्या घराकडे वळू. अमेरिकन फुटबॉल भारतात आणण्याचा एक मोठा प्रयत्न २०१२ साली झाला. ‘एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया’ असे तिचे नाव. कर्ट वॉर्नर, माइक डिट्का यांच्यासारख्या नामांकित अमेरिकनांचा पैसा तीत होता. ‘पुणे मराठाज’ नावाचा संघ होता, मुंबईचाही होता. पहिल्या हंगामाचे सामने मात्र कोलंबोला खेळवून दूरचित्रवाणीवर दाखवले गेले, आणि त्यात पुण्याचा संघ विजयी झाला. श्रोतेहो, मराठ्यांचे नाव धारण केलेल्या संघाने अजिंक्यपद मिळवले, आणि आपल्या गावी त्याचा गुलाल उधळला गेल्याचे कोणाला आठवते काय? दोष त्या पोरांचा नव्हता. त्यांनी अंग मोडून खेळ केला. पण त्यांच्या मैदानाच्या कडेला त्यांचे गाव नव्हते, आणि ज्यांच्या घरात तो पडद्यावर दिसला त्यांच्या शेजारी बसून समजावणारा कोणी नव्हता. फड लावला, जोडी लावली, इनामही लावले. एक शौकीन तेवढा राहून गेला.

ह्याउलट क्रिकेट. तेही परक्याचेच. पण ते खेड्यापाड्यांत रुजले त्यात आकाशवाणीचा वाटा मोठा आहे. बाळ ज. पंडित मराठीतून धावते समालोचन करीत, तेव्हा पारावर रेडिओभोवती बसलेल्या माणसाला फलंदाज, गोलंदाज, यष्टिरक्षक दिसू लागले. ‘त्रिफळा उडाला’ म्हटल्यावर कोणाला अर्थ विचारावा लागला नाही. ज्या खेळाला आपल्या भाषेत शब्द मिळतात, त्यालाच शौकीन मिळतात. कारण शब्दाशिवाय एकाने दुसऱ्याला समजावायचे कसे?

काळाचा न्याय पाहा. ६ जून २०२४ रोजी अमेरिकेतील डॅलसजवळच्या मैदानावर विश्वचषकाच्या सामन्यात अमेरिकेने पाकिस्तानला हरवले. निर्णायक जादा षटक टाकणारा सौरभ नेत्रावळकर हा मुंबईत वाढलेला, पेशाने संगणक अभियंता. त्या देशात त्या दिवशी आपली माणसे शौकीन होती, आणि बघे होते मूळचे अमेरिकन. भूमिका किती सहज बदलतात! म्हणून कोणत्याही शौकिनाने बघ्याला हिणवू नये. प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या फडात बघ्याच असतो.

हिणवणे हा शौकिनाचा खरा रोग आहे. परदेशातल्या फुटबॉलच्या भक्तांनाही तो जडतो. रात्री साडेदहा-साडेअकराला सुरू होणारा सामना जो जागून पाहतो, त्याला वाटते की केवळ गाण्यासाठी पहाटे उठणाऱ्याला ह्या आनंदावर हक्कच नाही. त्याचे जागरण मोठे आहे, हे मान्य. पण बघ्याला हाकलून लावले तर उद्याचा शौकीन येणार कुठून? आणि गर्दी नसेल तर खेळाचा खर्च चालणार कसा? इनामाची पावती बघ्याही फाडतो, हे यात्रा समितीला विचारून पाहावे.

हे सगळे मी सांगतो आहे ते अमेरिकेच्या काळजीने नव्हे. काळजी आपल्या फडाची आहे. लातूरला सिद्धेश्वराच्या यात्रेत आजही कुस्त्या होतात, माळेगावलाही होतात, गर्दीही असते. परंतु ज्यांना मनगटावरून कोपराकडे सरकलेला हात दिसतो, ते डोळे म्हातारे होत आहेत. त्यांच्या शेजारी बसलेला नातू मोबाइलमध्ये दुसराच खेळ पाहतो आहे. त्याला दोष देऊन काय उपयोग? आजोबांनी त्याला ‘बघ, आता ढाक मारतो’ असे कधी सांगितले का? आपल्या मातीतल्या खेळालाही परक्या खेळासारखे नव्याने समजावून सांगण्याची वेळ आली आहे.

१६ ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईत भरलेल्या ऑलिम्पिक समितीच्या अधिवेशनात २०२८ च्या लॉस एंजेलिस स्पर्धांसाठी जे नवे खेळ मंजूर झाले, त्यांत क्रिकेट होते आणि अमेरिकन फुटबॉलचा, गडी न पाडता कमरेची फीत ओढून खेळण्याचा, सौम्य प्रकारही होता. दोन्ही एकाच दिवशी, आपल्याच मुंबईत. तेव्हा २०२८ साली ते सामने पडद्यावर दिसतील, आणि घरातले कोणी पोर विचारील, “हे काय चालले आहे?” चार संधी आणि दहा यार्ड, एवढे आज आपण ऐकले आहे, तेवढे त्याला सांगा. आणि त्याआधी, येत्या महाशिवरात्रीला त्याच पोराला सिद्धेश्वराच्या फडावर न्या, आपल्या शेजारी बसवा, आणि खडाखडी चालू असताना त्याच्या कानात बोलत राहा.