पावसाआधी दाराला तेल
मैत्रिणींनो, कर्जत-खालापूरचा पाऊस आडवा झोडपतो. बाहेरच्या दाराचं लाकूड खालच्या कडेतून पाणी पितं, फुगतं, कुजतं. म्हणून मे महिन्यातच सुटलेला जुना थर पॉलिश पेपरने लाकडाच्या रेषांच्या दिशेने घासा, धूळ पुसा. कोरड्या लाकडावर अळशीचं डबल बॉईल तेल फडक्याने पातळ लावा; खालची कड विसरू नका. 20 मिनिटांनी वर राहिलेलं तेल पुसा. पूर्ण वाळल्यावर दुसरा हात द्या.

आता सर्वांत महत्त्वाचं. तेलाच्या फडक्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल वाळताना तापतं. बोळ्यात उष्णता कोंडते आणि फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. फडकी अंगणात एकेक सुटी पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा.